तुलना नेमकी कशाची कशाशी?

एका संशोधक विद्यार्थिनीने पाठवलेल्या पत्राचा आशय असा : माझे शालेय शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून तांबे आणि ॲल्युमिनियम यांच्या तारांच्या विद्युतवाहकतेवरचा प्रबंध मी सध्या इंग्रजीत लिहीत आहे. पहिले प्रकरण मार्गदर्शकांनी परत केले, तेव्हा त्यातील तीन वाक्यांभोवती वर्तुळे होती आणि समासात ‘तुलना कशाची कशाशी?’ एवढाच शेरा होता. ती वाक्ये अशी. ‘द कंडक्टिव्हिटी ऑफ कॉपर इज हायर दॅन ॲल्युमिनियम.’ ‘अवर रिझल्ट्स आर सिमिलर टू द प्रीव्हियस स्टडी.’ ‘हीटिंग द वायर स्लोली गेव्ह बेटर रिझल्ट्स दॅन टू हीट इट रॅपिडली.’ तिन्ही वाक्यांचा अर्थ कोणालाही कळतो, मग ती चूक का? प्रत्येक ठिकाणी ‘दॅट ऑफ’ घालायचे म्हटले तर वाक्ये बोजड होतात, त्याला काही पर्याय आहे का? आणि अशा चुका माझ्या मलाच दिसाव्यात यासाठी काय करावे? प्रबंधाचे शीर्षकही सोबत लिहिले आहे. तेही तपासून द्यावे.

प्रिय वाचक भगिनी,

सप्रेम नमस्कार. तुमच्या मार्गदर्शकांनी चूक दुरुस्त करून दिली नाही, केवळ प्रश्न विचारला, याबद्दल तुम्हाला थोडा राग आलेला दिसतो. परंतु माझ्या मते त्यांनी तुम्हाला सर्वांत उपयोगी गोष्ट दिली आहे. तुलनेच्या इंग्रजी वाक्यांविषयी जितके नियम पुस्तकांत सापडतात, त्यातील बहुतेक त्या एका प्रश्नातून आपोआप निघतात. वाक्य लिहिण्यापूर्वी ज्या दोन गोष्टी शेजारी ठेवायच्या आहेत त्या मनाशी निश्चित कराव्यात आणि मग त्या दोन्ही ‘दॅन’च्या अलीकडे-पलीकडे एकाच जातीच्या शब्दरूपात उभ्या कराव्यात, एवढेच मला मुख्यतः सांगायचे आहे.

पहिले वाक्य घेऊ. त्याच्या डाव्या बाजूला ‘कंडक्टिव्हिटी’ म्हणजे एक गुणधर्म आहे आणि उजव्या बाजूला ‘ॲल्युमिनियम’ म्हणजे एक धातू आहे. शब्दशः पाहिले तर तांब्याची वाहकता ही ॲल्युमिनियम नावाच्या धातूहून अधिक आहे, असे ते वाक्य म्हणते, आणि गुणधर्माची तुलना धातूशी होऊ शकत नाही. ही गफलत आपल्याकडून सहज होते, कारण ‘तांब्याची वाहकता ॲल्युमिनियमपेक्षा जास्त आहे’ हे मराठी वाक्य आपल्या कानाला मुळीच खटकत नाही. ‘ॲल्युमिनियमच्या वाहकतेपेक्षा’ असे पूर्ण म्हणण्याची गरज मराठीत क्वचितच भासते. गाळलेला शब्द ऐकणारा मनातल्या मनात भरून घेतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे तेही बोलताना असे शब्द गाळतात, त्यामुळे तुमच्या वाक्याचा अर्थ कळतो हे तुमचे म्हणणे खरे आहे. मात्र लिखित आणि विशेषतः शास्त्रीय इंग्रजीत हा संक्षेप दोष मानला जातो आणि त्यामागे हट्टापेक्षा अधिक सबळ कारण आहे.

ते कारण असे की, गाळलेला शब्द वाचकाने भरून घ्यायचा असेल तर त्याला उत्तर आधीच ठाऊक असावे लागते. तांबे व ॲल्युमिनियम यांच्या वाहकतेबद्दल सर्वांनाच माहिती असते, म्हणून तुमचे वाक्य निभावून जाते. पण पुढच्या प्रकरणात तुम्ही ‘द इफेक्ट ऑफ हीट ऑन कॉपर वॉज ग्रेटर दॅन ॲल्युमिनियम’ असे लिहिलेत, तर काय होईल? उष्णतेचा तांब्यावर जेवढा परिणाम झाला तेवढा ॲल्युमिनियमवर झाला नाही, असा एक अर्थ निघतो. परंतु त्या प्रकरणात तांब्यात ॲल्युमिनियम मिसळून केलेल्या मिश्रधातूची चर्चा चालू असेल, तर तांब्यावर ॲल्युमिनियमचा जेवढा परिणाम झाला त्याहून उष्णतेचा अधिक झाला, असा दुसरा अर्थही तितकाच संभवतो. दोन्ही अर्थ शास्त्रीयदृष्ट्या शक्य आहेत आणि वाचकाला त्यांतला कोणता खरा हे कळायला मार्ग नाही. पहिला अर्थ हवा असेल तर ‘दॅन ऑन ॲल्युमिनियम’ आणि दुसरा हवा असेल तर ‘दॅन दॅट ऑफ ॲल्युमिनियम’ असे लिहिले की शंका संपते. जिथे अर्थ उघड आहे तिथेही आपण रचना नीट ठेवतो, ती यासाठी की जिथे तो उघड नसेल तिथे आपली लेखणी सवयीनेच बरोबर चालावी.

आता तुमच्या दुसऱ्या शंकेकडे वळतो, कारण मला ती अधिक मोलाची वाटते. ‘दॅट ऑफ’ हा एक उपाय आहे, एकमेव उपाय नव्हे. ‘द कंडक्टिव्हिटी ऑफ कॉपर इज हायर दॅन दॅट ऑफ ॲल्युमिनियम’ हे वाक्य निर्दोष आहे. नाम अनेकवचनी असेल तर ‘दॅट’च्या जागी ‘दोज’ येते, जसे ‘द प्रॉपर्टीज ऑफ कॉपर डिफर फ्रॉम दोज ऑफ ॲल्युमिनियम’. इथे अनेकांची एक चूक होते, ती म्हणजे ‘दॅट’ आले की त्यामागे ‘ऑफ’ आलेच पाहिजे असे समजणे. ‘द टेम्परेचर ॲट द सरफेस’ असा आरंभ केला असेल, तर पलीकडेही ‘दॅन दॅट ॲट द कोअर’ असेच म्हणावे लागते, कारण अलीकडच्या नामाला जे शब्दयोगी अव्यय लागले तेच पलीकडे यायला हवे. ‘द करंट इन द फर्स्ट वायर’ याची जोडी ‘दॅट इन द सेकंड’ हीच. उजवीकडे केवळ पाठांतराने ‘दॅट ऑफ’ लिहिणाऱ्याचे वाक्य वरवर शुद्ध दिसते आणि आतून पुन्हा विसंगत होते.

दुसरा मार्ग षष्ठीचा : ‘कॉपर्स कंडक्टिव्हिटी इज हायर दॅन ॲल्युमिनियम्स.’ हा आटोपशीर आहे, पण निर्जीव पदार्थांच्या लांबलचक नावांना तो शोभत नाही, म्हणून मी तो क्वचितच सुचवीन.

तिसरा मार्ग मात्र मला मनापासून आवडतो आणि तुमच्या बोजडपणाच्या तक्रारीवर तोच खरा इलाज आहे. गुणधर्माचे नाम कर्तास्थानी बसवण्याऐवजी त्या वस्तूलाच कर्ता करावे आणि गुणधर्म क्रियापदात किंवा विशेषणात घालावा. ‘कॉपर कंडक्ट्स इलेक्ट्रिसिटी बेटर दॅन ॲल्युमिनियम.’ धातूसमोर धातू आला, ‘दॅट ऑफ’ची गरज उरली नाही आणि वाक्यही लहान झाले. ‘द डेन्सिटी ऑफ कॉपर इज ग्रेटर दॅन दॅट ऑफ ॲल्युमिनियम’ याच्याऐवजी ‘कॉपर इज डेन्सर दॅन ॲल्युमिनियम’. ‘द मेल्टिंग पॉइंट ऑफ ॲल्युमिनियम इज लोअर दॅन दॅट ऑफ कॉपर’ याच्याऐवजी ‘ॲल्युमिनियम मेल्ट्स ॲट अ लोअर टेम्परेचर दॅन कॉपर’. प्रबंध लिहिणाऱ्यांना भाववाचक नामांनी भरलेली वाक्ये भारदस्त वाटतात, परंतु तुलना जितकी वस्तूंच्या आणि क्रियापदांच्या जवळ राहील तितकी ती स्वच्छ होते, असे माझे ठाम मत आहे. गुणधर्म हाच चर्चेचा विषय असेल, त्याचे मापन कसे केले हे सांगायचे असेल, तेव्हा ‘दॅट ऑफ’ची रचना खुशाल वापरावी, तिथे ती ओझे ठरत नाही.

तुमचे दुसरे वाक्य याच दोषाचे दुसरे रूप आहे, फक्त त्यात ‘दॅन’ नसल्यामुळे तो लपून राहतो. निष्कर्ष हे अभ्यासासारखे असू शकत नाहीत. एका अभ्यासाचे निष्कर्ष दुसऱ्या अभ्यासाच्या निष्कर्षांसारखे असू शकतात. म्हणून ‘अवर रिझल्ट्स आर सिमिलर टू दोज ऑफ द प्रीव्हियस स्टडी’ असे म्हणावे. ‘सिमिलर टू’, ‘डिफरंट फ्रॉम’, ‘द सेम ॲज’, ‘लाइक’ आणि ‘अनलाइक’ या सर्वांच्या मागे एक तुलना दडलेली असते आणि प्रबंधांमध्ये ‘दॅन’पेक्षा याच शब्दांपाशी अधिक घसरण होते, असा माझा अनुभव आहे. त्यातही ‘अनलाइक’ने सुरू होणारे वाक्य विशेष जपून लिहावे. ‘अनलाइक कॉपर, द डेन्सिटी ऑफ ॲल्युमिनियम इज लो’ या वाक्यात स्वल्पविरामानंतर येणारा शब्द ‘डेन्सिटी’ आहे, त्यामुळे तांब्याची गाठ घनतेशी पडली आहे. ‘अनलाइक कॉपर, ॲल्युमिनियम हॅज अ लो डेन्सिटी’ असे लिहिले की स्वल्पविरामाच्या दोन्ही बाजूंना धातूच येतो. ‘अनलाइक’ किंवा ‘लाइक’ने आरंभ केल्यास ज्याच्याशी तुलना करायची आहे तेच मुख्य वाक्याच्या कर्तास्थानी यावे, एवढे पथ्य पाळले तरी पुरे.

तिसऱ्या वाक्यात मात्र तर्काची चूक नाही. तिथे दोन कृतींचीच तुलना आहे : तार सावकाश तापवणे आणि ती झपाट्याने तापवणे. दोष आहे तो रूपांच्या विजोडपणाचा, कारण एका कृतीला ‘हीटिंग’ हे रूप मिळाले आणि दुसरीला ‘टू हीट’ हे. ‘हीटिंग द वायर स्लोली गेव्ह बेटर रिझल्ट्स दॅन हीटिंग इट रॅपिडली’ असे केले की दोन्ही कृती समान दर्जाने उभ्या राहतात. ‘इट इज’ने वाक्य सुरू करून ‘इट इज बेटर टू हीट द वायर स्लोली दॅन टू हीट इट रॅपिडली’ असेही म्हणता येईल. दोन्हींपैकी कोणतेही रूप निवडावे, पण ते दोहोंकडे एकच असावे. समरूपता पाळली की वाचकाला पलीकडचा भाग वाचण्यापूर्वीच त्याचा आकार ठाऊक असतो आणि त्याचे सगळे लक्ष जे वेगळे आहे तिकडे, म्हणजे ‘स्लोली’ आणि ‘रॅपिडली’ या शब्दांकडे जाते. तुलनेच्या वाक्यात जे समान आहे ते समानच दिसावे आणि जे भिन्न आहे तेवढेच भिन्न दिसावे, यासाठी ही सारी खटपट आहे. अनेकदा तर समान भाग एकदाच लिहून भागते, जसे ‘स्लो हीटिंग गेव्ह बेटर रिझल्ट्स दॅन रॅपिड हीटिंग’, आणि तुमच्या जागी मी हेच वाक्य ठेवले असते.

शब्दयोगी अव्ययांनाही हाच न्याय लागू होतो. ‘द लॉस वॉज ग्रेटर इन द लाँग वायर दॅन द शॉर्ट वन’ असे लिहिताना ‘दॅन’नंतरचा ‘इन’ गळतो. तो परत आणावा, म्हणजे तुलना दोन जागांची आहे हे स्पष्ट होते. क्रियापदाच्या बाबतीत ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ ही छोटी साहाय्यक रूपे फार मोठे काम करतात. ‘स्टुडंट्स ट्रस्ट टीचर्स मोर दॅन पेरेंट्स’ या वाक्याचे दोन अर्थ होतात : विद्यार्थ्यांचा शिक्षकांवर जेवढा विश्वास आहे तेवढा पालकांवर नाही, किंवा पालकांचा शिक्षकांवर जेवढा विश्वास आहे त्याहून विद्यार्थ्यांचा अधिक आहे. पहिला अर्थ हवा असेल तर ‘दॅन दे ट्रस्ट पेरेंट्स’ आणि दुसरा हवा असेल तर ‘दॅन पेरेंट्स डू’ असे लिहावे. हा संदिग्धपणा मराठीतही उद्भवतो, कारण ‘पालकांपेक्षा विद्यार्थी शिक्षकांवर अधिक विश्वास ठेवतात’ हे वाक्यही दोन्हींकडे झुकू शकते. तेव्हा आपल्या भाषेमुळेच आपण चुकतो अशी समजूत तुम्ही करून घेऊ नये.

शाळेत आपण ‘डिग्री’ बदलण्याचे जे असंख्य व्यायाम करतो, त्यांतील ‘एनी अदर’ हा शब्दप्रयोग बहुतेकांना पाठ असतो, पण त्याचे कारण क्वचितच समजावले जाते. सामान्य तापमानाला सर्व धातूंमध्ये चांदी ही विजेची सर्वोत्तम वाहक आहे. ते सांगताना ‘सिल्व्हर कंडक्ट्स इलेक्ट्रिसिटी बेटर दॅन एनी मेटल’ असे म्हटले, तर चांदीही धातूच असल्यामुळे ती स्वतःहूनही चांगली वाहक आहे असा विचित्र अर्थ निघतो. ‘एनी अदर मेटल’ म्हटले की चांदी त्या समूहातून बाजूला निघते आणि तुलना शक्य होते. याच्या उलट बाजूकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. ‘ग्लास कंडक्ट्स इलेक्ट्रिसिटी लेस वेल दॅन एनी मेटल’ या वाक्यात ‘अदर’ घालणे हीच चूक ठरते, कारण काच हा धातू नाही आणि ‘अदर’ आले की ती धातूंमध्ये जाऊन बसते. म्हणजे ‘एनी’च्या मागे ‘अदर’ हवे की नको, हे पाठ करून ठरत नाही. जिची तुलना करतो ती वस्तू त्या गटात आहे की बाहेर, हे पाहावे लागते. इथेही तुमच्या मार्गदर्शकांचाच प्रश्न उपयोगी पडतो.

काही किरकोळ बाबी थोडक्यात सांगून टाकतो. ‘हायर’, ‘लोअर’, ‘फास्टर’ अशा रूपांनंतर ‘ॲज कम्पेअर्ड टू’ लिहिण्याची पद्धत प्रबंधांत बोकाळली आहे. तुलना विशेषणाच्या रूपातच झालेली असते, म्हणून त्यापुढे साधे ‘दॅन’ पुरे. ‘मोर ईझिअर’सारखी दुहेरी रूपे टाळावीत. ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’, ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘प्रायर’ हे लॅटिनमधून आलेले शब्द ‘दॅन’ घेत नाहीत, ‘टू’ घेतात, आणि ‘प्रिफर’ही त्यांच्याच पंक्तीत बसते. ‘वन ऑफ द बेस्ट’नंतरचे नाम अनेकवचनी असते. दोनच वस्तू असतील तर ‘द बेटर ऑफ द टू’ म्हणावे, ‘बेस्ट’ नव्हे.

‘ॲज’ आणि ‘दॅन’ एकाच वाक्यात आले की एकाचा बळी जातो, त्याविषयी मात्र थोडे थांबून बोलायला हवे. ‘द न्यू वायर परफॉर्म्ड ॲज वेल ऑर बेटर दॅन द ओल्ड वन’ या वाक्यातून ‘दॅन’चा भाग काढून पाहा : ‘परफॉर्म्ड ॲज वेल द ओल्ड वन’ असे अर्धवट काहीतरी उरते, कारण दुसरा ‘ॲज’ आलेलाच नाही. ‘ॲज वेल ॲज, ऑर बेटर दॅन, द ओल्ड वन’ असे लिहिल्यास व्याकरण सुधारते, परंतु वाचताना ठेचा लागतात. ‘द न्यू वायर परफॉर्म्ड ॲट लीस्ट ॲज वेल ॲज द ओल्ड वन’ हे त्याहून सरस आहे. ‘निदान तितकेच’ यात ‘तितकेच किंवा त्याहून अधिक’ हे दोन्ही सामावतात आणि ‘दॅन’ची गरजच राहत नाही.

तुमचा प्रबंध मोजमापांचा आहे, म्हणून आकड्यांच्या तुलनेबद्दल सविस्तर लिहितो. 1913 साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात मऊ केलेल्या तांब्याची वाहकता 100 टक्के धरली गेली आणि त्या मापाने तारांसाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमची वाहकता सुमारे 61 टक्के भरते. आता हे वाक्यात कसे मांडाल? ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या वाहकतेहून सुमारे 39 टक्के कमी आहे, हे बरोबर. पण ते उलटवून तांब्याची वाहकता ॲल्युमिनियमच्या वाहकतेहून 39 टक्के अधिक आहे असे म्हटले तर ते चूक ठरते, कारण आता पाया 61 चा झाला आणि उत्तर सुमारे 64 टक्के येते. टक्केवारीच्या तुलनेत ‘दॅन’नंतर जे येते तोच पाया असतो, म्हणून तिथला शब्द ढिला ठेवून चालत नाही. तसेच एखादे प्रमाण 5 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर गेले तर ती वाढ 3 टक्केबिंदूंची आहे, म्हणजे ‘पर्सेंटेज पॉइंट्स’ची, मूळ प्रमाणाच्या हिशेबाने ती 60 टक्के आहे. या दोन्हींत गल्लत झाली तर वाचकाला खोटी माहिती मिळते.

पटींबद्दलही तसेच. तांब्याची घनता दर घनसेंटिमीटरला 8.96 ग्रॅम आणि ॲल्युमिनियमची 2.70 ग्रॅम आहे, म्हणजे तांबे तिपटीहून थोडे अधिक घन आहे. ‘थ्री टाइम्स डेन्सर दॅन’ असे लिहिले तर काही वाचक तिप्पट समजतात आणि काही, मूळ एक अधिक तीन अशा हिशेबाने, चौपट समजतात. ‘मोर दॅन थ्री टाइम्स ॲज डेन्स ॲज ॲल्युमिनियम’ या रचनेत तो वाद उरत नाही. ‘थ्री टाइम्स लाइटर’ किंवा ‘थ्री टाइम्स लेस’ तर टाळावेच, त्याच्या जागी ‘वन थर्ड ॲज मच ॲज’ म्हणावे. आणि तापमानाच्या बाबतीत सेल्सिअस अंशांची पटींमध्ये तुलना कधीही करू नये. 40 अंश हे 20 अंशांच्या ‘दुप्पट उष्ण’ नसतात, कारण त्या मापातला शून्य हा बर्फाच्या वितळण्याला दिलेला अंक आहे, उष्णतेचा अभाव नव्हे. केल्व्हिनमध्ये हेच आकडे सुमारे 313 आणि 293 होतात. अशा ठिकाणी फक्त फरक सांगावा.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे तुलनेचा निकष. ‘कॉपर इज अ बेटर कंडक्टर दॅन ॲल्युमिनियम’ हे वाक्य व्याकरणाने चोख आहे, तरीही ते अपुरे आहे. समान जाडीच्या आणि समान लांबीच्या तारा घेतल्या तर ते खरे ठरते. परंतु समान वजनाच्या आणि समान लांबीच्या तारा घेतल्या तर चित्र पालटते : ॲल्युमिनियम हलके असल्यामुळे तेवढ्याच वजनात त्याची बरीच जाड तार होते आणि ती तांब्याच्या तारेच्या जवळजवळ दुप्पट वीज वाहून नेऊ शकते. उंच मनोऱ्यांवरून जाणाऱ्या वीजवाहिन्या ॲल्युमिनियमच्या असतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून ‘फॉर द सेम क्रॉस सेक्शन’ किंवा ‘फॉर द सेम वेट’ हे शब्द वाक्यात आलेच पाहिजेत. ‘बेटर’, ‘इम्प्रूव्हड’, ‘मोर एफिशिअंट’ हे शब्द जिथे जिथे दिसतील तिथे तिथे कशाहून आणि कोणत्या निकषावर, ही दोन उत्तरे त्याच वाक्यात किंवा निदान त्याच परिच्छेदात आहेत ना, हे पाहा. व्याकरण तपासणारी संगणक प्रणाली हे काम करू शकणार नाही, कारण तुमच्या प्रयोगात काय स्थिर ठेवले होते ते तिला ठाऊक नसते.

आता या चुका तुमच्या तुम्हाला कशा दिसतील, या प्रश्नाचे उत्तर. प्रकरण लिहून झाले की त्यातील ‘दॅन’, ‘ॲज’, ‘लाइक’, ‘अनलाइक’, ‘सिमिलर’, ‘डिफरंट’, ‘सेम’ आणि ‘कम्पेअर्ड’ हे शब्द संगणकावर एकेक करून शोधा. प्रत्येक वाक्यापाशी थांबा आणि तुलनेच्या दोन बाजू कागदावर एकाखाली एक अशा दोन ओळींत लिहा. दुसरी ओळ लिहिताना काहीही गाळू नका. ‘द कंडक्टिव्हिटी ऑफ ॲल्युमिनियम’ असे ती पूर्ण लिहा, कृती असेल तर कृती पूर्ण लिहा. त्यानंतर जो भाग दोन्ही ओळींत तंतोतंत सारखा आहे, त्यातला जेवढा गाळूनही दुसरा अर्थ निघत नाही तेवढाच गाळा. आधी पूर्ण लिहून मग कमी करणे हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधीच कमी लिहिलेल्या वाक्यात काय हरवले आहे ते लिहिणाऱ्याला दिसत नाही. त्याच्या मनात तो अर्थ पूर्ण असतो. सुरुवातीला याला वेळ लागेल, पण एका प्रकरणावर ही मेहनत नीट घेतलीत तर पुढच्या प्रकरणांत बहुतेक वाक्ये लिहितानाच सरळ उतरू लागतील.

एक सावधगिरी त्याच वेळी बाळगावी. हे एकदा लक्षात आले की काही जण प्रत्येक तुलनेत प्रत्येक शब्द परत लिहू लागतात आणि ‘कॉपर इज डेन्सर दॅन ॲल्युमिनियम इज डेन्स’ असे अवजड वाक्य तयार होते. जिथे दोन अर्थ संभवत नाहीत आणि दोन्ही बाजूंना एकाच प्रकारची वस्तू आहे, तिथे इंग्रजी भाषा गाळायची मोकळीक आनंदाने देते. ‘ॲल्युमिनियम मेल्ट्स ॲट अ लोअर टेम्परेचर दॅन कॉपर’ याच्या शेवटी ‘डझ’ लावले तरी चालते, न लावले तरी चालते. मी लावणार नाही.

राहिले शीर्षक. तुम्ही ‘अ कंपॅरिझन बिटवीन इलेक्ट्रिकल कंडक्टिव्हिटी ऑफ कॉपर टू ॲल्युमिनियम वायर्स’ असे लिहून पाठवले आहे. त्यात ‘बिटवीन’ची जोडी ‘टू’शी लावली आहे, ती ‘अँड’शी लागते, आणि एका बाजूला तांबे हा धातू तर दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियमच्या तारा आल्या आहेत. ‘कंपॅरिझन’नंतर ‘ऑफ’ आणि ‘अँड’ ही जोडी सर्वांत सरळ पडते, म्हणून ‘अ कंपॅरिझन ऑफ द इलेक्ट्रिकल कंडक्टिव्हिटी ऑफ कॉपर वायर अँड दॅट ऑफ ॲल्युमिनियम वायर’ असे लिहिता येईल. ते लांब वाटत असेल तर ‘इलेक्ट्रिकल कंडक्टिव्हिटी इन कॉपर वायर अँड इन ॲल्युमिनियम वायर : अ कंपॅरिझन’ हे चालेल. ‘कॉपर अँड ॲल्युमिनियम वायर्स’ असा संक्षेप मात्र तुमच्या विषयात करू नका, कारण ॲल्युमिनियमच्या गाभ्यावर तांब्याचा थर दिलेल्या ताराही प्रत्यक्षात वापरात आहेत, आणि ‘वायर’ हा शब्द दोनदा लिहिला तर तुमचा अभ्यास त्या संमिश्र तारांचा नसून दोन वेगळ्या तारांचा आहे, हे मुखपृष्ठावरच स्पष्ट होईल.